दाढेच्या तक्त्याकडे तोंड करून

कानात मळ कसा साचतो, हे मला रोज कोणीतरी विचारतं. मी कान तपासते, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. कोणी काही करत नाही, तो आपोआप साचतो, आणि एक दिवस नीट ऐकू येईनासं झालं की कळतं. आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्सेही असेच साचलेत. आता बाहेर काढले नाहीत तर मलाच त्रास व्हायचा.

मंडळ म्हणजे आम्ही चार टाळकी. बसायची जागा डॉ. देवतळ्यांची, वर्ध्याला सावंगीच्या रस्त्यावर. ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. दवाखाना बंद केला, पण पेशंटची खुर्ची, भिंतीवरचे तक्ते आणि सगळी अवजारं तशीच ठेवली. ज्या अवजारांनी ते दाढा कोरत, त्यांनीच आता व्हायोलिनं कोरतात. आणि साधीसुधी नाही, इटालियन नमुन्याची!

तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका गावात दोन मोठे कारागीर होऊन गेले. जगातली नामी व्हायोलिनं त्यांचीच. त्यांच्या वाद्यांचे मापासकट नकाशे मिळतात, ते डॉक्टरांनी मिळवले. दुसरे सभासद श्रावणसेठ. त्यांचं सेलूकडे कापसाचं जिनिंग आहे. त्यांच्या जिभेवर ती इटालियन नावं काही बसेनात. मग ते एकाला मोठा मामा आणि दुसऱ्याला धाकटा मामा म्हणायला लागले, आणि आता डॉक्टरही गंभीर चेहऱ्याने सांगतात, "यावेळी मोठ्या मामाची पाठ आणि धाकट्या मामाची कंबर घेतली आहे."

तिसरी मी, आणि चौथी मंदाताई. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच.

मंदाताई सेलूला एका सरकारी ऑफिसात आहे आणि भीमगीतांच्या पार्टीत व्हायोलिन वाजवायची. व्हायोलिन तिच्या बाबांचं. बाबा दिवसा जिनिंगमध्ये कापूस उचलायचे, दुपारच्या सुटीत तिथेच गाठोड्यावर बसून वाजवायचे आणि रात्री पार्टीबरोबर गावोगाव जायचे. ते गेल्यावर वाद्य आणि पार्टीतली जागा दोन्ही तिच्याकडे आली. मग कारंजाला एका कार्यक्रमात स्टेजवरचा स्पीकरचा डबा कलंडला तो नेमका व्हायोलिनवर पडला.

तुकडे पिशवीत भरून ती डॉक्टरांकडे आली, कारण ते "लाकडाचं बारीक काम करतात" असं कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी आधी सवयीप्रमाणे सगळं स्वच्छ केलं. आत कापसाच्या बारीक तंतूंचं जाळंच धरलं होतं. ते त्यांनी थुंकी ओढायच्या नळीने ओढून काढलं. मग हात टेकले. म्हणाले, "मी दात बसवून देतो बाई, भुग्याचं काय बसवू?"

पण एका तुकड्यावर छापील चिठ्ठी चिकटलेली होती. तिच्यावर थेट मोठ्या मामाचं नाव! आता अशा चिठ्ठ्या जगभरच्या कारखान्यांनी खंडीने चिकटवल्यात, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी तिला शब्द दिला. "मी याच नमुन्याचं नवं करून देतो. तुझ्या बाबांचा आवाज परत आणून देतो."

त्यानंतर एकामागून एक व्हायोलिन तयार होत गेलं, आणि आम्ही दर शनिवारी त्यांचे आवाज ताडून पाहायला लागलो. प्रत्येक वेळी मंदाताई एकच वाक्य बोलायची. "गोड हाय डॉक्टरसाहेब. पण बाबांचं असं नव्हतं."

"कसं होतं मग?" डॉक्टर विचारायचे.

"सकाळी उठल्या उठल्या माणूस पह्यल्यांदा बोलते ना, तसं."

याचा नकाशा इटलीतून मिळत नव्हता.

* * *

पहिली परीक्षा अजून आठवते. कोणतं व्हायोलिन वाजतंय हे परीक्षकांना दिसता कामा नये, हा नियम डॉक्टरांनीच कुठेतरी वाचला होता. पडदा लावला तर आवाज दबतो म्हणे. म्हणून त्यांनी मंदाताईला व्हायोलिनांसकट जुन्या एक्स-रेच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर कान देऊन बसलो. थोड्या वेळाने अगदी बारीक, दुरून आल्यासारखा सूर ऐकू यायला लागला. श्रावणसेठनी डोळे मिटले. "लय नम्र आवाज हाय," ते म्हणाले. डॉक्टर कुजबुजले, "धाकट्या मामाचा गाभा उतरलाय." मी आपली व्यवसायाला शोभेल अशा भाषेत म्हणाले, "वरचे स्वर सौम्य आहेत, पण सातत्य उत्तम." सगळ्यांनी दहापैकी आठ दिले.

तेवढ्यात दार उघडून मंदाताईने डोकं बाहेर काढलं. "चालू करू काय? केव्हाची वाट पाहून राह्यली मी."

एक्स-रेच्या खोलीच्या दाराला शिशाचा पत्रा असतो. आतून तिने नगारा वाजवला असता तरी आमच्यापर्यंत पोचला नसता. आम्ही ज्याला आठ गुण दिले तो छताचा पंखा होता.

तेव्हापासून पद्धत बदलली. मंदाताई खोलीच्या मधोमध उभी राहते आणि परीक्षक भिंतीकडे तोंड करून बसतात. भिंतीवर दाढेच्या आडव्या छेदाचा मोठा रंगीत तक्ता आहे. वर्ध्याकडे इटालियन संगीतकलेचा एवढा सूक्ष्म विचार किडलेल्या दाढेकडे बघत आणखी कोणी केला असेल, असं मला वाटत नाही.

* * *

वार्निशची गोष्ट वेगळीच. जुन्या इटालियन वार्निशमध्ये काय होतं यावर जगभर डोकी फुटली आहेत. डॉक्टरांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. त्यांच्याकडे लवंगाच्या तेलाच्या बाटल्या पडून होत्या, दुखऱ्या दाढेत बोळा ठेवायला वापरायचे त्या. वार्निशमध्ये त्यांनी लवंगाचं तेल मुरवलं. रंग फार सुंदर आला, पिकलेल्या बोरासारखा.

त्या शनिवारी मंदाताईने गज टेकवला मात्र, खोलीभर दरवळ सुटला. मी शेजारी बघितलं तर श्रावणसेठनी गालावर हात ठेवलेला. माझाही हात गालावर गेला होता. लहानपणी माझी दाढ याच खोलीत, याच डॉक्टरांनी काढली होती.

वाजवून झालं.

"कसा वाटला आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवाज एक नंबर हाय," श्रावणसेठ म्हणाले. "पण माही दाढ दुखून राह्यली ना बाप्पा."

डॉक्टरांनी त्यांना लगेच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. खरोखरच खालची एक दाढ किडलेली निघाली. त्या व्हायोलिनने कोणाला संगीताचा आनंद दिला की नाही ते माहीत नाही, पण रोगनिदान बिनचूक केलं.

* * *

आता परीक्षकांच्या कानांविषयी. इतके महिने गुण देऊनही आमचं एकमत कधी होईना, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "तू कान तपासतेस ना? मग सगळ्यांचे तपासून टाक एकदाचे."

आमच्या तपासणीत माणसाला बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. श्रावणसेठ आत बसले आणि माझा सूर सुटायच्या आधीच पटापट बटण दाबायला लागले. मी खोली उघडून विचारलं, "सेठ, काऊन दाबता? मी अजून काही लावलंच नाही."

"तुमी लावनारच हाव ना मॅडम? मंग मालाची वाट काऊन पाहू? आधीच बोली लावून ठेवतो."

कशीबशी तपासणी पूर्ण झाली. जिनिंगच्या मशिनींत आयुष्य गेल्यामुळे त्यांचा उजवा कान वरच्या स्वरांसाठी जवळजवळ बंद निघाला. मला सांगायला संकोच वाटत होता, कारण ते आमचे मुख्य परीक्षक. हे पद त्यांना सगळ्यांत मोठ्याने बोलतात म्हणून मिळालं होतं, पण होतं खरं.

त्यांनी कागद शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे एवढे दिवस मी एकाच कानानं ऐकून राह्यलो. तरी एवढं कळते! दोन असते तं तुमाले कोनी इचारलं असतं काय?"

हे मी परवानगीने सांगते आहे. परवानगी कसली, ते स्वतःच तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

* * *

मंडळात सगळ्यांत मोठी सत्ता काकूंची, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोची. त्या ऐकायला कधी बसत नाहीत. त्या तर्री-पोहे करतात.

आमच्या उशिरा लक्षात आलं की पोह्यांच्या आधी वाजलेलं व्हायोलिन कधीच पास होत नाही. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असतो, आणि श्रावणसेठना प्रत्येक सुरात काहीतरी कमी वाटत असतं. मीही त्यातलीच, उगाच कशाला नाकारू! डॉक्टरांनी मग पोहे आधी द्यायला लावले. त्या दिवशी तर्रीमुळे सगळ्यांची नाकं वाहत होती, कान गरम झाले होते, आणि एकूण एक व्हायोलिनं पहिल्या वर्गात पास झाली. त्यात एक असं होतं ज्याची तार मंदाताईने अजून सुरात लावलीच नव्हती.

शेवटी काकूंनीच तोडगा काढला. अर्धी प्लेट आधी, अर्धी नंतर. डॉक्टरांनी तक्रार केली की याने शास्त्रीय शिस्त बिघडते. काकू म्हणाल्या, "इटलीवाले उपाशीपोटी ऐकत असतीन, म्हनून तीनशे वर्षं झाली तरी त्याइचं भांडन मिटलं नाई."

* * *

नव्या व्हायोलिनचा आवाज कोंडलेला असतो, तो वाजवून वाजवून मोकळा करावा लागतो. पण मंदाताई वाजवायला तयार नसायची. परीक्षेपुरते सारेगम लावून द्यायची, बस. "सूर लावून देतो, पण गानं नाई वाजवनार," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाणं म्हटलं की तिचा हात खाली यायचा. ते बघून मला फार वाईट वाटायचं आणि मी उगाच बडबड करायचे.

मग नवं व्हायोलिन मोकळं कसं करायचं? डॉक्टरांचं म्हणणं, लाकडाला थरथर मिळाल्याशी कारण, ती कोणी का देईना. श्रावणसेठ म्हणाले, "थरथरच पाह्यजे ना? माह्या जिनिंगमंदी टांगून ठेवा. तिथं मुनीमजी बी थरथरतात."

मोठ्या मामाच्या नमुन्याचं एक कोरं करकरीत व्हायोलिन हंगामभर जिनिंगच्या मशिनीशेजारी खिळ्याला लटकलं. परत आलं ते ओळखू येईना. पोटावरच्या दोन्ही भोकांतून कापूस आत जाऊन बसला होता. वाजवलं तर आवाज असा यायचा की रजईच्या आतून कोणीतरी बोलतंय.

मंदाताई खूप दिवसांनी हसली. त्यावर तिने सारेगमही पुरते लावले नाहीत. हसूच आवरेना, म्हणून अर्ध्यात खाली ठेवलं.

डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. साफ करावं म्हटलं तर नेमकी ती ओढायची नळी बंद पडलेली. त्यांनी शेरा दिला, "नापास," आणि ते तसंच एका खोक्यात घालून माळ्यावर टाकलं.

* * *

आणि मग कीबोर्डवाला आला.

पार्टीच्या प्रमुखांनी मंदाताईची जागा बरेच दिवस रिकामी ठेवली होती. पण जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले. त्यांनी प्रेमानेच सांगितलं, "ताई, तुमी उभ्या राह्यल्या तं आनंदच हाय. नाई तं मी कीबोर्डवाल्याले हो म्हनतो. त्याच्यात व्हायोलिनचं बटन असते." बाबांच्या वेळेपासूनची जागा होती ती. मंदाताई फक्त "पाहू" म्हणाली. तिच्या त्या पाहूचा अर्थ आम्हाला तिघांनाही समजत होता.

डॉक्टर चिडले. "बटणाला लाकडाची सर येते काय? आणा त्याला शनिवारी. दाढेच्या तक्त्यासमोर दूध का दूध होऊन जाऊ दे!"

तो मुलगा आला. फार गुणी आणि नम्र. डॉक्टरांची चार व्हायोलिनं आणि त्याचं बटण, सगळं ओळीने वाजलं. आम्ही भिंतीकडे तोंड करून मनापासून गुण दिले.

कीबोर्डाचा दुसरा नंबर आला.

काकू पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. त्या मुलाला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याने चारदा माफी मागितली. मंदाताई म्हणाली, "बरं झालं. म्हंजे माही गरजच नाई." आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. डॉक्टरांनी त्या संध्याकाळी अवजारं पुसून कपाटात घातली आणि किल्ली काकूंकडे दिली.

पुढचे काही शनिवार कोणी कोणाला फोन केला नाही.

* * *

शेवटची बैठक काकूंनीच जमवली. आम्हाला प्रत्येकाला फोन करून एवढंच म्हणाल्या, "पोहे भिजवले हायत. येजो." भिजवलेल्या पोह्यांना नाही म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

डॉक्टर आमच्याशी नीट बोलेनात. मंदाताईने सांगितलं की तिला दुसऱ्या दिवशी पार्टीला उत्तर द्यायचंय, आणि उत्तर नाहीच असणार. पण जायच्या आधी डॉक्टरांची सगळी व्हायोलिनं एकदा वाजवून जावीत असं तिच्या मनात होतं. "एवढी मेहनत केली त्यायनं माह्यासाठी. सारेगम तरी लावतो."

काकूंनी खोकी आणून ठेवली. माळ्यावरचंही काढलं, कारण त्यांना त्यातला फरक माहीत नव्हता. पाच खोकी झाली. अर्धी प्लेट पोहे खाऊन आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. मी दाढेच्या मुळाकडे बघत होते आणि मनात एवढंच होतं की ही बाई आता कायमची गज खाली ठेवणार.

मागे खुडबुड झाली. मग सारेगम आलेच नाहीत. एकदम गाणं सुरू झालं. बाबांची पार्टी ज्या गाण्याने कार्यक्रम सुरू करायची ते. डॉक्टरांनी माझा हात घट्ट धरला. मागे वळायचं नाही हा नियम आम्ही कसा पाळला, आमचं आम्हाला माहीत.

"एक नंबर झाला," मंदाताई म्हणाली. थोडी शांतता, परत खुडबुड, परत तेच गाणं. असं पाचदा झालं. माझे डोळे भरले होते, पण गुण द्यायचे म्हणून कानावर लक्ष ठेवलं.

संपल्यावर डॉक्टरांमध्ये जीव आला होता. तक्त्याकडे बघतच ते सांगायला लागले. "पहिलं धाकट्या मामाचं. दुसरं लवंगाचं, त्याचा गोडवा लपत नाही. चौथं मोठ्या मामाचं, ते सगळ्यांत सरस. आपली पोरं बापाला अंधारातसुद्धा ओळखू येतात."

"चौथंच," मीही म्हणाले. "वरच्या स्वरांत स्पष्ट फरक आहे. पाचवं त्याच्या खालोखाल."

"तीन नंबर तं निव्वळ लाकडाचा डब्बा हाय," श्रावणसेठ म्हणाले. "त्याले भाव नाई."

"वळून पाहा आता," मंदाताई म्हणाली.

आम्ही खुर्च्या फिरवल्या. पाच खोक्यांपैकी चार खोक्यांच्या दोऱ्याही सुटल्या नव्हत्या. माळ्यावरचं खोकं तेवढं उघडं होतं. तिच्या खांद्यावर, हनुवटीखाली, कापसाचे दोन-तीन तंतू चिकटले होते, आणि व्हायोलिन तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

"पाचही वेळा हेच वाजवलं मी," ती म्हणाली. "दुसरं घ्याले हातच गेला नाई. मले माफ करजा डॉक्टरसाहेब, तुमच्या परीक्षेची पार वाट लावली. पन हे मी घेऊन जातो. उद्या पार्टीले हो म्हनून सांगतो."

डॉक्टर उठले, तिच्याजवळ गेले आणि सवयीने वाद्याच्या भोकातून आत डोकवायला लागले. तिने ते झटकन मागे घेतलं. "साफ करू नोका," ती म्हणाली. "बाबांच्यात बी असाच कापूस होता."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि उरलेली अर्धी प्लेट आणायला आत गेल्या. श्रावणसेठ मान खाली घालून बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनी डावा कान मंदाताईकडे वळवला.

"काही म्हना बाई," ते म्हणाले, "तरी बी तीन नंबर जरासा कमीच होता."